मध्येच तुटणारं गाणं

आमच्या शेजारचे सुखदेवराव तिजारे, म्हणजे सगळ्यांचे काकाजी, गाणं पूर्ण ऐकायला मिळालं की उदास होतात. मी थट्टा करत नाही. बाकी जगाची तक्रार अशी असते, की गाणं रंगात आलं की दारावर कोणीतरी येतं, कुकर शिट्टी देतो, नाहीतर फोनमधली बाई साबण विकायला उभी राहते. काकाजींची तक्रार नेमकी उलटी. चहाच्या वेळी ते व्हरांड्यात बसून खंजिरी भजन लावतात, आवाज घुमावा म्हणून फोन स्टीलच्या पेल्यात उभा करतात, आणि हे तुटतं कधी याची वाट बघत बसतात. तुटलं की चेहरा खुलतो. गायकाने शेवटच्या कडव्यापर्यंत जाऊन रीतसर निरोप घेतला, की मान हलवून म्हणतात, "आज काही खरं नाई."

"काही खरं नाई" हे त्यांचं पालुपद आहे. आईवडिलांनी नाव सुखदेव ठेवलं, तेवढाच काय तो आशावाद त्या घराण्यात झाला असावा. आभाळ भरून आलं तरी काही खरं नाही, निरभ्र असलं तरी नाही. नळ आला की म्हणतात, "आला हाये, पण काही खरं नाई." बस वेळेवर सुटली तर रस्त्यात कुठेतरी पंक्चर होणार, अशी त्यांना शंका येते. आमच्या घरी पाहुणे आले की मी मुद्दाम त्यांना काकाजींच्या व्हरांड्यात घेऊन जाते. वर्ध्यात आलेल्याने गोरसपाक खाल्ला आणि काकाजींना भेटला नाही, तर त्याने काही पाहिलंच नाही, असं माझं मत आहे. एक गोड, एक कडू.

हा स्वभाव त्यांना नोकरीने दिला. पाटबंधारे खात्यात होते ते. बोर धरणाच्या कालव्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. नोकरीला नवे लागले तेव्हा एका गावच्या लोकांनी विचारलं, साहेब, पाणी कधी सुटेल? हे म्हणाले, उद्या पक्कं. लोकांनी रात्रीच शेतात पाणी खेळवायला बारे काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी गेट अडकलं आणि ते सुटेपर्यंत गहू माना टाकून बसला. गावकऱ्यांनी यांना कालव्याच्या पुलावर गाठलं. मारलं नाही, पण एक म्हातारा समोर बसून नुसता बघत राहिला. त्या बघण्याचं काकाजी अजून सांगतात. तेव्हापासून "पक्कं" हा शब्द त्यांनी सोडला. पुढे कोणीही काहीही विचारलं तरी उत्तर एकच.

आमच्या पोरीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी ते फाटकाशी येऊन म्हणाले, "यंदा पेपर लय कडक तपासले म्हणते. काही खरं नाई." मी चांगलीच खवळले. म्हटलं, "काकाजी, शुभ बोला ना जरा." ते खाली बघून म्हणाले, "मॅडम, ज्याच्यात जीव अटकला असते, त्याचं मी पक्कं नाई म्हणत. म्हटलं का ते हातचं जाते. ज्याची आसच सुटली, त्याचं काय, कायबी बोला." पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढा खाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू निकाल त्यांनीच लावला होता.

मला ते मॅडम म्हणतात, कारण मी हिंगणीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा त्यांचा मुलगा अमोल माझ्या वर्गात होता. काकाजींच्या बायकोची, मंदाकाकूंची आणि माझी मैत्री तिथलीच. त्यांच्याच आग्रहाने आम्ही वर्ध्यात त्यांच्या शेजारचा प्लॉट घेतला. मंदाकाकू आता नाहीत. अमोल हैदराबादला असतो. आमच्या कॉलनीत बहुतेक घरांचं असंच आहे. मोठी घरं, वर एक मजला मुलांसाठी बांधून ठेवलेला, आणि तिथे वाळवणं घालतात.

तर गाण्याची गोष्ट. आमच्या कॉलनीत रिकाम्या प्लॉटजवळच्या बाकावर संध्याकाळी सभा भरते, आणि तिथे मध्यंतरी बरेच दिवस एकच विषय चालला होता. गाणी ऐकायला महिन्याचे पैसे भरावेत की नाही? आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते म्हणाले, "दुधाचे, पेपरचे महिन्याचे पैसे समजू शकतो. गाणं काय पिशवीत घालून आणायचं आहे?" भूगोलाचे एक सर म्हणाले, "पैसे थांबवले की ॲपवाले गाणं परत घेऊन जातात. कॅसेट निदान घरात तरी राहायची, उंदीर कुरतडेपर्यंत." मी पैसे भरण्याच्या बाजूची. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमच्या सासूबाई डोळे मिटून हरिपाठ ऐकतात. एकदा मध्येच बनियनची जाहिरात लागली आणि सासूबाईंनी ती संपेपर्यंत हात जोडलेले ठेवले, वर शेवटी डोकंही टेकवलं. तेव्हापासून मला वाटतं, देवाच्या कामात तरी माणसाने काटकसर करू नये.

शेवटी सगळ्यांनी काकाजींना विचारलं, कारण त्यांच्या फोनवर पैसे भरलेलं ॲप आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "घ्या ना बाप्पा. पण घरात एकच घ्या. दोन घेतले का मंग काही खरं नाई."

"काऊन हो?" सरांनी विचारलं.

"घरात दोन टीव्ही आले तवा लोकं येगयेगळे बसाले लागले. आता गाणेबी येगयेगळे झाले तं भांडाले तरी कोण येईन?"

सगळे हसले. मीही हसले. पण मला त्यातलं माहीत होतं, म्हणून माझं हसू लवकर आटोपलं.

ते ॲप खरं म्हणजे अमोलचं. मंदाकाकू अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना भजनं ऐकता यावीत म्हणून त्याने आपलंच खातं बापाच्या फोनवर चालू करून दिलं होतं. पैसे तो भरतो. एका खात्यावर एका वेळी एकच फोन चालतो, अशी त्या ॲपची रीत. म्हणजे इकडे वर्ध्यात भजन चालू असलं, आणि तिकडे हैदराबादला अमोलने गाणं लावलं, की इकडचं भजन जागच्या जागी बंद. गायकाचं तोंड उघडंच राहतं आणि फोनवर एक ओळ येते, की तुमचं खातं दुसरीकडे चालू आहे.

मंदाकाकू गेल्या आणि त्यानंतर अमोल बापाशी बोलेनासा झाला. फोन नाही, सणाला येणं नाही. तेराव्याला तो होता, पण दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. पंगतीत काकाजींनी त्याच्या पानात वरण वाढलं आणि त्याने ते पान तसंच ठेवून हात धुतले. का, हे मी काकाजींना विचारलं तर ते म्हणाले, "माह्यं चुकलं," आणि विषय तिथेच संपला. पण ते खातं मात्र अमोलने बंद केलं नाही. विसरला असेल किंवा राहू दिलं असेल. बापलेकांमध्ये तेवढी एकच गोष्ट उरली होती.

अमोलची कंपनी परदेशातल्या लोकांच्या वेळेवर चालते, त्यामुळे तो रात्रभर काम करतो आणि दुपार टळल्यावर उठतो. उठला की गाणं लावतो. ती आमची चहाची वेळ. इकडे भजन तटकन तुटतं आणि काकाजी मांडीवर थाप मारतात, "उठले साहेब! पाहा मॅडम, उठले. बापाचं भजन गेलं खड्ड्यात!" इतक्या प्रेमाने कोणी काही खड्ड्यात घातलेलं मी पाहिलं नाही. मग ते घड्याळ बघतात, आणि आज लवकर उठला की उशिरा, यावर पाच-दहा मिनिटं बोलतात. लवकर उठला तर म्हणतात झोप झाली नाही. उशिरा उठला तर म्हणतात प्रकृती बिघडली असेल.

पुढे त्यांना आणखी एक शोध लागला. ॲपमध्ये "नुकतंच ऐकलेलं" अशी एक यादी असते, आणि अमोल काय ऐकतो ते त्यात दिसतं. काकाजी ती गाणी ऐकू लागले. अभ्यासाला बसल्यासारखे, भिंतीला टेकून, कपाळाला आठ्या घालून. त्यात एक पोरगा हिंदीत श्वास न घेता बोलत सुटलेला असायचा. काकाजी म्हणाले, "हे लावलं का समजाचं, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या त्यानं. ते इंग्रजी धाडधाड लावलं का व्यायाम करून राह्यला." ॲपची मात्र पंचाईत झाली. त्याला वाटायचं हा एकच माणूस आहे. ते बिचारं "तुमच्यासाठी खास" म्हणून एका खंजिरी भजनावर एक धाडधाड इंग्रजी असं ताट वाढायचं. तिकडे अमोलच्या यादीतही अधूनमधून भजन निघत असणार. जिममध्ये वजनं उचलताना त्याच्या कानात मध्येच टाळ वाजले असतील, या कल्पनेने मी स्वयंपाकघरात एकटी हसले आहे.

एकदा मात्र काकाजी चपला न घालता आमच्या दारात आले. "मॅडम, पोट्ट्याले बरं नाई दिसत. कालपासून एकच गाणं लावून राह्यला. अन् तेबी अंगाईवानी." मी म्हटलं, आवडलं असेल. "नाई हो. लहानपणी ताप आला का तो एकच गोष्ट सांग म्हणे मायले. दुसरी सांगतली तं रडे. तुमी फोन लावून पाहा ना. माह्यं नाव मात्र नका घेऊ."

मी फोन लावला. अमोलला खरंच ताप होता. खोलीत एकटा पडलेला, दोन दिवस धड जेवला नव्हता. मी त्याला ओळखीच्यातली एक डबेवाली बाई शोधून दिली. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाले कसं कळलं?" मी काकाजींकडे पाहिलं. ते दोन्ही हात हलवून नाही नाही करत होते. मी काहीतरी थाप मारली. फोन ठेवल्यावर त्यांना म्हटलं, "सांगू द्यायचं होतं ना. बाप आहात." ते म्हणाले, "त्याले कळलं का मी त्याच्यावर कान लावून बसलो, तं तो बंद करून टाकन. मंग काय करू मी?"

मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर दोघांचाही आला. इतकी शिकलेली, समजूतदार माणसं आणि एका फोनचं अंतर त्यांना कापता येत नाही. मी वर्गात दोन भांडखोर पोरांना एका बाकावर बसवून मोकळी होत असे. यांना कुठल्या बाकावर बसवणार?

मग या पावसाळ्याच्या शेवटी भजनं पूर्ण व्हायला लागली.

पहिल्या दिवशी काकाजी म्हणाले, सुटी असेल, झोपला असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिकडे लाइट गेले असतील. मग ते फोन घेऊन बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "याच्यात बिघाड हाये. गाणं बंदच होऊन नाई राह्यलं." दुकानदाराने फोन उलटासुलटा करून पाहिला आणि मग काकाजींकडे पाहिलं. परत आल्यावर त्यांनी मला हे सांगितलं, तेव्हा ते हसत होते, पण नजर फोनवरच होती. "नुकतंच ऐकलेलं"मध्ये आता नुसती भजनंच. धाडधाड इंग्रजी खाली खाली सरकत दिसेनासं झालं. ॲपलाही वाटलं असेल, या माणसाला अखेर शहाणपण आलं.

काकाजींनी बाकावर येणं सोडलं. दाढी वाढली. विशेष म्हणजे "काही खरं नाई" पण कमी झालं. बस उशिरा आली तरी काही बोलत नसत. माणूस तक्रार करेनासा झाला की मला भीती वाटते. मी अमोलला फोन करायचं ठरवत होते, तेवढ्यात त्याचाच आला.

"मॅडम, एक काम होतं. बाबाले सांगून द्याल का? मी आता माझं वेगळं घेतलं. ते जुनं त्यायच्याकडेच राहू द्या, पैसे मी भरत राहीन. आता त्यायचं भजन मध्ये नाई तुटणार. आरामात ऐकू द्या त्यायले."

तो हे अगदी आपुलकीने सांगत होता. शेवटी मी ठरवलं, काकाजींना काय वाटायचं ते वाटो. त्याला सगळं सांगितलं. पेला, मांडीवरची थाप, ताप, सगळं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणत होते का अजून दोन दिवस पाहू. बाबा आईच्या उशाशी उभे होते. म्हणाले, आता काही खरं नाई. मॅडम, तिचे डोळे उघडे होते."

आता मला कळलं काय चुकलं होतं ते. मी घाईघाईने म्हटलं, "अरे, त्यांचा तसा अर्थ नव्हता. ज्याच्यात जीव अडकलेला असतो त्याचंच ते तसं म्हणतात. तुला माहीत आहे ना ते कालव्याचं?"

"माहीत हाये मॅडम. लहानपणापासून माहीत हाये. आईलेही माहीत होतं. पण ते ऐकल्यावर ती माझ्याकडे पाहत राह्यली. मी काय करू त्याचं?"

पस्तीस पोरांच्या वर्गाला आयुष्यभर उत्तरं दिली, या एकाला देता आलं नाही. तो म्हणाला, "ठेवतो, कामाची वेळ झाली," आणि फोन ठेवला.

निरोप तर सांगायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी गेले. व्हरांड्यात हिंगणीचे वासुदेवराव बसले होते, कालव्यावरचे काकाजींचे जुने सोबती. काकाजींनी दाढी केली होती. पेल्यात भजन घुमत होतं. मी खुर्ची ओढली आणि पाहुणे जाईपर्यंत थांबायचं ठरवलं.

भजन रंगात आलं. पेला जरा कलला होता, तो सरळ करायला काकाजींनी हात पुढे केला, आणि भजन तुटलं.

"काऊन बंद पडलं सुखदेवभाऊ?" वासुदेवरावांनी विचारलं.

"उठले साहेब," काकाजी म्हणाले. "पोट्टा हाये ना हैदराबादले. त्यानं तिकडे लावलं का माह्यं बंद होते."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांचा अंगठा फोनवरून मागे येताना मला दिसला. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. मला दिसलं आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांनी नजर अशी ठेवली की माझ्या तोंडातला निरोप तोंडातच राहिला. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांना सगळं आधीच समजलेलं होतं.

"चांगलं हाये भाऊ," वासुदेवराव म्हणाले. "माह्यावाल्याचा तं पत्ताच नसते. तुमच्यावाला येते का इकडे?"

"येते ना," काकाजी म्हणाले. "दिवाळीले पक्का येते."

वासुदेवरावांनी समाधानाने मान हलवली. तो "पक्का" ऐकून मला मात्र रडू आवरेना. मी कप उचलले आणि पाणी आणते म्हणून आत गेले.

आत मंदाकाकूंच्या ओट्यापाशी मी नळ मोठा सोडून उभी राहिले. बाहेर काकाजी त्यांना सांगत होते, की येताना तो रेल्वेने येणार, स्टेशनवर घ्यायला ते स्वतः जाणार, आणि वरची खोली त्यांनी आताच झाडून ठेवली आहे.